मधात कालवलेली पुडी

३ ऑगस्ट
सासूबाईंनी आज स्वतः उठून चहा मांडला! दोन वर्षं गुडघे धरून बसलेली बाई. ह्यांनी मुकुटबनच्या बाजारातून पुडी आणली, मधात कालवून चाटायची. विकणारा म्हणे निव्वळ जडीबुटी. हे खूश. मीबी खूश. पण आठ दिवसात? गुडघेच ते, बटन दाबलं की चालू झाले असं थोडीच असते.

१९ सप्टेंबर
आई विहारात पायी गेल्या, पायीच आल्या. भूक तर अरे बाप्पा! शेजारीण म्हणे, सुनेनं चांगलं पोसलं. गाल फुगले खरे, पण हातपाय काडीच. मले नाही पटत. पुडी पाहू द्या म्हटलं तर उशीखाली सरकवली. "मी खाटेवर पडलेलीच बरी वाटतो का वं तुले?"
तोंडात मारल्यासारखं झालं.

५ नोव्हेंबर
आईंची शुगर वाढली. कधीच नव्हती. ह्यांना म्हटलं, पुडीत काहीतरी मिसळलं आहे. "तुले सगळ्यातच खोट दिसते." भांडण. न जेवताच झोपले. झोपू दे.

८ नोव्हेंबर
आई आंघोळीला गेल्या तशी सगळी पुडी मोरीत. त्या जागी सुंठ, जराशी हळद. रंग हुबेहूब. मधात कालवून दिली. चाटली, माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाही.

१३ नोव्हें., यवतमाळ, दवाखाना
पहाटे आई मोरीपाशी कोसळल्या. उलट्या, अंग थंडगार, बीपी लागेना. सलाईन चालू.

१४ नोव्हें.
डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार. "तसलं द्रव्य आपलं शरीर रोज स्वतः बनवतं. बाहेरून आयतं येत राहिलं की बनवणं सोडून देतं. मग एकदम तोडलं की माणूस असा आडवा. बंद कोणी केली?"
मी, म्हटलं.
संशय खरा निघाला नं माझा! आणि म्हातारीचा जीव माझ्याच हातून जाऊन राह्यला होता.

२० नोव्हें.
घरी आलो. आता गोळी, तीबी स्टेरॉइडचीच. डॉक्टर हळूहळू कमी करत नेणार, शरीराले आपलं काम आठवेपर्यंत. डबी माझ्या ताब्यात.
गोळी देताना आई म्हणाल्या, "सुंठ वळखली होती मी."
"मग बोलल्या काहून नाही?"
"पाहून राह्यलो होतो, अजून काय काय चारते त."

९ डिसेंबर
गोळी कमी झाली तसे गुडघे पुन्हा धरले. दिवसभर कण्हणं. "डॉक्टरचं नाव सांगते अन् माझी गोळी तूच कुरतडते." चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीबी तूच लिहिली, म्हणतात.
रडू आलं. त्यांच्यासमोर नाही रडली.

२१ डिसें.
आजपासून गोळी अर्धी. दुखणं वाढेल, डॉक्टरांनी बजावलं होतं.
सकाळी पाहते तर आई अंगणात. गोधड्या झटकून राह्यल्या, भराभर, वरतून गुणगुणणं. सासू चालताना पाहून एवढी धडकी कोण्या सुनेला भरत असेल?
हे काल मुकुटबनहून आले. बाजारात गेलते का, विचारलं. "नाही वं. कायले जाऊ?" नजर मात्र चपलेवर.
उशीखाली पाहिलं, गादीखाली पाहिलं. काही नाही. पण फडताळातली मधाची बाटली जागेवर नाही.
आणि पुडी सापडलीच, तर ह्यावेळी फेकू कशी?