पुळणीवरच्या राईचा कौल

आबा, तुम्ही देवाला गाऱ्हाणं घालायचात, आज मी तुम्हाला घालतो आहे. आणि ते माझ्या एकट्याचं नाही. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या वाळूच्या पुळणीवर ज्यांची घरं आहेत त्या मासेमार खारव्यांचं, खाडीकाठी ज्यांची भातं खाऱ्या पाण्याने जळली त्या कुणब्यांचं, आणि माझं. आम्हा सगळ्यांना तुम्ही फसवलंत.

देवाच्या राईतली काटकीही मोडू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत. नऊ वर्षांचा असताना विटीदांडूसाठी मी उंडीची फांदी तोडून आणली, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. भर उन्हात, तापल्या वाळूतून मला परत नेलंत, फांदी झाडाच्या बुंध्याशी ठेवायला लावलीत आणि म्हणालात, "ही झाडं पुळण धरून आहेत नि पुळण आपल्याला. देवाचं नाव आपण राखणीसाठी लावलंय. कळलं ना रे?" पुढे मी पुष्कळ ग्रंथ वाचले. याहून शहाणं वाक्य वाचलं नाही.

मग ठेकेदार आला. सरकारी धक्क्यासाठी त्याला राई हवी होती. मी तेव्हा रत्नागिरीत सरकारविरुद्ध भाषण केल्याबद्दल पकडला गेलो होतो. खटला डोक्यावर घेऊन जामिनावर सुटलो आणि थेट देवळात आलो. गाव जमलेलं. "मग देवालाच विचारा!" असं गरजलो तो मीच. तुम्ही गुरव, कौल तुमच्या हातचा. मला कसली भीती? अजून दिसतं मला: तुम्ही मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे लावता आहात, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. उजवा पडतो. मागून एक म्हातारा तांडेल म्हणतो, "भाषणवाले, देव बघा कसा थोडक्यात बोलतो!"

अर्धी राई गेली. पुढच्या दोन पावसाळ्यांत समुद्राने पुळणीचं टोक खाल्लं. मी देव सोडला आणि गावोगाव सांगत फिरलो की दगडाने आम्हाला दगा दिला. लोक टाळ्या वाजवीत. तुम्ही मागे बसून ऐकायचात, मान खाली घालून. मला वाटे, देवाची निंदा तुम्हाला सोसत नाही.

परवा आई चुलीपुढे पेज गाळत होती. मी पुन्हा देवावर घसरलो, तशी पळी खाली ठेवून म्हणाली, "त्या दगडाला किती शिव्या देशील रे? डाव्या कळ्याला त्यांनी पेज लावलीनी. वाटी मीच दिली. चिकटला तो, पडणार कसा? मामलेदार म्हणालेला, राई द्या, मुलावरचा खटला काढून घेतो." मग पुन्हा पळी उचलली. "तुझ्यासाठीच हो."

माझ्यासाठी! मला विचारलंत? मी तुरुंगात गेलो असतो, हसत गेलो असतो, आणि कधीतरी सुटून आलो असतो. ती झाडं परत आली नाहीत. त्यानंतर ज्या ज्या व्यासपीठावर मी ताठ मानेने उभा राहिलो, ते त्या उंडीच्या फळ्यांवर उभं होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. मला नव्हतं.

उरलेली राई तोडायला द्यावी का, यासाठी उद्या गाव पुन्हा कौल मागणार आहे. तुम्ही गेल्यापासून पूजा धाकटे काका करतात, पण कौलाचा मान थोरल्या घराचा. कळे मलाच लावायचे आहेत. नाक्यावर पोरं हसतात, "नास्तिक गुरव!"

हे पत्र कुठे टाकणार? सकाळी चुलीत जाईल. पण एक करा, आबा. त्या देवापाशी तुमचं काही चालत असेल, तर उद्या डावा कळा तुम्ही पाडा. आपणहून, सगळ्या गावादेखत.

कारण उजव्यासाठी मी वाटीत पेज काढून ठेवली आहे.