बोगद्यात राहिलेलं उत्तर

प्रिय कॅझिमीर,

तुझा सायकलचा दिवा माझ्याकडेच राहिला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तू जे पेडल मारत सुटलास, ते थेट स्पार्टा गाव येईपर्यंत. मागे कोण राहिलंय, तिचे गुडघे किती जुने आहेत, याची शुद्ध होती का तुला? दुसऱ्या दिवशी सकाळी "छान झाली ट्रिप" म्हणालास आणि गाडी काढून शिकागोला चालता झालास. छान कसली डोंबलाची. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे.

माझी बहीण व्हर्ना म्हणते, शिकागोच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची. तू पहिल्यांदा तिच्या घरी आलास ते ती अजून विसरलेली नाही. तिने विचारलं, "केक घेणार?" आणि तू म्हणालास, "हो, द्या की." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. परतताना मी तुला नीट समजावलं होतं, की आम्हा मूळच्या नॉर्वेवाल्यांत असं चालत नाही. पहिल्यांदा म्हणायचं, "छे, मुळीच नको." दुसऱ्यांदा, "कशाला उगाच त्रास." तिसऱ्यांदा विचारलं, की मग "बरं, अगदी एवढासा." तू पोट धरून हसलास. म्हणालास, "आर्डिस, तुमच्याकडे माणूस उपाशी मरेल गं." हसलास, पण लक्षात काडीचं ठेवलं नाहीस.

आता रविवारचं. भर ऑगस्टात त्या बंद पडलेल्या रेल्वेच्या बोगद्यात दात वाजत होते. सायकली हातात धरून आपण चाललो होतो, छतातलं पाणी मानेवर गळत होतं, पुढे कुणाचीतरी पोरं आवाज घुमावा म्हणून किंचाळत होती. माझा दिवा विझला तेव्हा तू तुझा माझ्या हातात दिलास. नवरा गेल्यापासून माझ्या अंधाराची कुणी एवढी काळजी केली नव्हती. मला फार बरं वाटलं. आणि तेवढ्यात तू विचारलंस, "लग्न करशील माझ्याशी? येशील शिकागोला?" सगळा रस्ता सोडून तुला बोगदाच सापडला. मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, "या वयात कशाला उगाच त्रास."

मग मी मुद्दाम हळू चालायला लागले. मोजे भिजून गेले होते, तरी हळू. पलीकडच्या तोंडाशी ती लाकडी दारं दिसायला लागली, हिवाळ्यात आत बर्फ धरू नये म्हणून इथे रेल्वेचे पहारेकरी असलेले माझे आजोबा आगगाडी गेली की ओढून घ्यायचे ती. मला वाटलं, दारापाशी तरी विचारशील. तू म्हणालास, "बरं, समजलं मला," आणि सायकलवर बसलास.

काय समजलं तुला, कपाळ?

दिवा मी पोस्टाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. व्हर्नाला हे पत्र दाखवलेलं नाही, दाखवलं तर ती महिनाभर बोलणार नाही माझ्याशी. माझ्या आईने, आजीने तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कधी कशाला हो म्हटलं नाही. मी वाट बघून थकले, तुझ्या डोक्यात ते काही शिरायचं नाही. म्हणून न विचारताच सांगते: हो. अगदी एवढंसं नाही, पुरतं हो.

तुझीच, भिजलेल्या मोज्यांची,
आर्डिस