शेजारची पाथ

९ नोव्हें., रविवार
घाटंजीकडच्या शेतात कापसाची वेचणी. शाळेला सुट्टी, म्हणून शेजारची पल्लवी सोबत. नववीत आहे. मायबाप दूर वीटभट्टीवर, ही काकूकडे. आम्ही बाया गाडीत मागे कोंबलेल्या, अन् बबन ड्रायव्हरनं तिला पुढे बसवलं. "वा वं मालकीणबाई!" सुमन ओरडली. सगळ्या हसल्या. पल्लवी नाही हसली.
बबन तसा भला. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या तोच आणतो.

१६ नोव्हें., रविवार
मुद्दाम तिच्या शेजारची पाथ धरली, तिच्या ओळीला लागून माझी ओळ. कापसाच्या ओळीत तोंड दिसत नाही, म्हणून बोलता येतं. तिच्या कमरेच्या ओटीत मोबाइल वाजला.
"कोणं देल्ला वं?"
"बबनमामानं. कोणाले सांगू नको म्हणे."
लपवावी लागते ती भेट म्हणजे गळाला लावलेला गांडूळ. वेचता वेचता सगळं बाहेर आलं. त्यानं फोटो मागितले, हिनं दिले. आता म्हणतो, गुरुवारी यवतमाळला चल, नाहीतर काकूला दाखवतो.
"त्याचं काहून ऐकलं, माय?"
"तो एकटाच मले हुशार म्हणे, आजी."
आपण एवढ्या बायांनी मिळून या पोरीला एवढा एक शब्द...

१७ नोव्हें., सोम.
काकूला, सुनंदाला, सांगितलं. तिनं आधी पोरीचं दप्तर माळ्यावर फेकलं. "शाळा बंद. उन्हाळ्यात लगन लावून देतो." पोरीला हेच भ्या होतं, म्हणून तोंड शिवलेलं. बबनला ठाऊक होतंच.
म्हटलं, "सुनंदा, घरात साप निघाला तं काठी सापावर घालतं का पोरीवर?"
संध्याकाळी दप्तर खाली दिसलं.

२० नोव्हें., गुरु.
यवतमाळ नाही. मी, सुनंदा अन् पल्लवी, तिघी एसटीनं घाटंजीला, पोलीस ठाण्यात. हवालदार म्हणे, "आजी, तुमी बाहेर बसा." नाही बसले. पोरीचा हात नाही सोडला. बाई पोलीस आली, तिनं नीट ऐकलं. मोबाइल जमा.

२१ नोव्हें., शुक्र.
नळावर बोंब. सुमन: "बुढे, गाडी बंद केली तुनं. आता कामावर कायनं जावं? माह्या पोराले त्यानंच दवाखान्यात नेलतं!"
नेलं होतं, खोटं नाही. तिला दवाखाना, मला गोळ्या, सुनंदाला बाजार. पोरीच्या आधी त्यानं गावाला गूळ लावला.
उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर. गुडघा दुखतो? दुखू दे.

२३ नोव्हें., रविवार
पायीच निघालो. मी अन् पल्लवी पुढे, बाकीच्या मागून, अंतर ठेवून. बबनला धरलं की सोडलं, कोणी धड सांगत नाही. त्याचा भाऊ कालपासून माझ्या दारावरून चकरा मारून राह्यला. मार बाबा. दार उघडंच आहे, अन् उंबऱ्यात मी आहे.
शेतात पल्लवी मागे पडली. आमची रीत, मागे पडलेलीची पाथ शेजारणीनं समोरून वेचत आणायची. माझा गुडघा वाकेना. मान वर केली तर तिच्या पाथेची पुढची झाडं आधीच रिकामी. पलीकडे सुमनचा पदर हलत होता.
माझ्याकडे न बघता वेचत राहिली.