आवाज दुसऱ्याचा

१२ जाने. ९९, अंबरनाथ पूर्व
मशीन आज परत मध्येच मुकं झालं. दादा हेडफोन लावून तसाच बसून. त्याला वाटलं, परिच्छेद संपला. फॅक्टरीत डोळे गेल्यापासून हेच त्याचं वाचन: वहिनी पुस्तकं टाइप करते, माझा प्रोग्रॅम वाचून दाखवतो. एप्रिलात एम.ए. मराठीची परीक्षा.
चूक माझ्या कोडमध्ये सापडत नाही. आवाजाची लायब्ररी, म्हणजे अक्षरांचा उच्चार करणारा तयार कोड, माझी नाहीच. परदेशातल्या एका विद्यार्थ्याने लिहून कोडसकट फुकट वाटलेली.

१६ जाने.
उल्हासनगर. इंटरनेट फक्त हरीशच्या दुकानात. लायब्ररीची नवी आवृत्ती उतरवण्यात दुपार गेली, लाइन सारखी तुटत होती. हरीश म्हणे, "मॅडम, फ्री का माल है. कंप्लेंट किसको करणार?"

१७ जाने.
नवी अडकत नाही! पेढे आणायचे बाकी होते. मग दादा म्हणाला, "पमे, हा बाळ म्हणत नाहीये. बाल म्हणतोय."
ळ नाही. ण पण नाही. जुनीत होते, नवीतून काढून टाकलेत. त्या विद्यार्थ्याला मेल टाकली.

२५ जाने.
नागपूरच्या अंधशाळेतही माझाच प्रोग्रॅम चालतो. तिथल्या सरांना दोन्ही आवृत्त्यांचं कळवलं होतं. त्यांची मेल: ळ नसला तरी चालेल, मशीन अडकायला नको, नवी आवृत्ती पाठवा.
दादा चिडला. "त्यांना चालेल. मी कवितेचा पेपर देतोय."
दोघंही बरोबर. दोन्ही आवृत्त्या सांभाळायच्या? मी एकटी, सकाळ-संध्याकाळ क्लासवर शिकवायचं...

२ फेब्रु.
विद्यार्थ्याचं उत्तर आलं. नोकरी लागली, लायब्ररी कंपनीला दिली, नव्या आवृत्तीचा कोड आता मिळणार नाही. जुनीतलं अडकणं त्याच्या भागात नाहीच म्हणे. लायब्ररीच्या तळाशी त्याने आणखी कुणाचा तरी कोड वापरलाय, तो त्यालाही कधी कळला नव्हता. शेवटी शुभेच्छा.
चिडायचं तरी कुणावर?

९ फेब्रु.
त्या दुसऱ्याला लिहिलेली मेल परत आली. तो पत्ताच आता नाही. त्याचा कोड उघडला. त्यातल्या टिपा कुठल्या भाषेत आहेत, तेही कळेना. एक ओळ बदलली तर आवाजच गेला. पूर्वीसारखी केली.

२१ फेब्रु.
वहिनीने गॅलरीत गाठलं. "त्यांना उगाच आशेवर ठेवू नकोस. होत नाही तर सरळ सांग."
जेवताना सांगणार होते. दादा परीक्षेला कुठला शर्ट घालायचा, विचारत होता.

२८ फेब्रु.
दादाने जुनीच लावायला सांगितली. अडकली की चाचपत बटण शोधतो, बंद करतो, चालू करतो, पुढे ऐकतो. दुपारभरात एक धडा झाला नाही.
"एप्रिलपर्यंत होईल ना गं?"
वहिनी पोळी लाटता लाटता थांबली.
मी "बघते" म्हटलं. त्याने मान हलवली आणि हेडफोन परत कानाला लावले. आतून काही येत होतं की नव्हतं, मला कळलं नाही.