ओळ एकेचाळीस, घर सतरा

४ जानेवारी
घर मिळालं, तेही संस्थेपासून चालत पंधरा मिनिटांवर. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, आणि बाबांच्या अकरा कुंड्या मावतील एवढं अंगण. बाबांनी रेडिओवर एकतीस वर्षं बातम्या वाचल्या. अजूनही घरात काही घडलं की तोच आवाज लावतात. सकाळी मी दाराबाहेर पडताना त्यांनी ठळक बातमी दिली, की मुलगी अखेर वेळेवर कामाला निघाली असून जाणकारांनी आश्चर्य व्यक्त केलं आहे. शेजारच्या बाई खिडकीत येऊन रेडिओ कुठे लागलाय ते शोधत होत्या.

काम माझ्या आवडीचं आहे. या खोऱ्याच्या जमिनीखालून पाणी कुठून कुठे वाहतं, त्याचं संगणकावर प्रारूप बसवायचं. नकाशावर दोनशे-दोनशे मीटरचे चौकोन आखलेत. बुद्धिबळाच्या पटासारखंच आम्ही प्रत्येक चौकोनाला घर म्हणतो : आधी ओळीचा आकडा, मग घराचा. महिनाअखेरीस अहवाल द्यायचा. माझ्या आधी हे काम करणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. ते डिसेंबरात वारले. प्रकृतीची हेळसांड केली, एवढंच साहेब म्हणाले.

७ जानेवारी
फीतकाकांबरोबर फिरले. तेवीस विहिरींत फीत सोडून पाण्याची पातळी मोजायची, हे त्यांचं काम. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. मला म्हणाले, पाणी कुठे असायला हवं ते तुम्ही सांगता ताई, आणि ते कुठे आहे ते मी बघून येतो. आजवर माझं कधी चुकलेलं नाही. परतताना आग्रहाने घरी नेलं. काकूंनी चहा केला. दोघंच असतात, मूलबाळ नाही.

१२ जानेवारी
बावीस विहिरी जुळल्या. नववी काही केल्या जुळेना. प्रारूपापेक्षा तिथलं खरं पाणी पावणेदोन मीटर खाली आहे. म्हणजे जवळपास कुणीतरी रोज चाळीस हजार लिटर उपसतंय. फीतकाका शपथेवर सांगतात की त्या भागात एकही पंप नाही.

साहेब हसले. म्हणाले, भरीची विहीर टाका, सगळेच टाकतात. म्हणजे जमिनीवर नसलेली विहीर प्रारूपात दाखवायची, हिशेब जुळेपर्यंत तिच्यातून पाणी काढायचं, खरं कारण सापडलं की पुसायची. मी ती आम्ही राहतो त्याच चौकोनात टाकली : ओळ एकेचाळीस, घर सतरा. नवव्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, आणि तिथे ना आड ना बोअर, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. गोंधळ व्हायला नको.

एका दमात जुळलं. फरक फक्त एक सेंटिमीटर! साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

१६ जानेवारी
बाबांच्या कुंड्या टिकत नाहीत. सकाळी घातलेलं पाणी नऊ वाजेपर्यंत नाहीसं, माती दगडासारखी. हवा तर थंड आहे. बाबांनी बातमी दिली, की अंगणात दुष्काळ जाहीर झाला असून मंत्री अद्याप न्हाणीघरात आहेत. पण मध्येच घसा धरला त्यांचा. दिवसभरात दोन माठ संपले. मीही बरंच पीत असेन.

१९ जानेवारी
बाबांचे ओठ फुटलेत. डॉक्टर म्हणाले, वयाने तहान कळत नाही, पाणी पीत चला. बाबा म्हणाले, पितोच तर आहे हो, दुसरं काय करतोय. हातावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते.

दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, खाली कोण राहतं. म्हटलं, आपण तळमजल्यावर आहोत. ते म्हणाले, मग फरशीखाली पाणी कोण पितंय?

मी कान लावला. घोट. थांबून पुन्हा घोट. नळ बंद होता.

२० जानेवारी
शास्त्र शिकलेली बाई आहे मी. तरी सकाळी आधी ती विहीर पुसली.

फीतकाका दुपारी मोजून आले. नववी आणखी वीस सेंटिमीटर खाली. पुसून फरक पडत नाही. ती आता जमिनीत आहे.

२१ जानेवारी
मास्तरांच्या जुन्या फायली उघडल्या. त्यांनीही भरीची विहीर टाकली होती. तीनदा जागा बदललीय, प्रत्येक वेळी तारीख आहे. तिन्ही चौकोन पाहून आले. पहिल्यात लॉन्ड्रीवाल्याचं घर, कुलूप. दुसऱ्यात पाच माणसांचं कुटुंब होतं. आता कुणी नाही. तिसऱ्यात एक म्हातारी दारात बसलीय. तिचे दोघे गेले, ती राहिली, कारण मास्तरांनी वेळेत विहीर हलवली. पुसून जात नाही. दुसरीकडे टाकली तरच आधीच्या जागेवरून सुटते.

शेवटच्या नोंदीपुढे त्यांनी लिहिलंय : मी एकटा आहे. आता माझंच घर घेतो.

फीतकाकांना विचारलं. मास्तर खुर्चीत सापडले, म्हणाले. उचलताना वाळक्या फांदीएवढं वजन. भोवती रिकामे तांबे.

२२ जानेवारी
बाबांना पहिल्या गाडीने दादाकडे नेऊन सोडलं. तीनशे किलोमीटर, नकाशाच्या पार बाहेर. दादाने मला झापलं, म्हातारा माणूस आहे, जरा बघत जा. चालेल. मी परत आले. इथे मी एकटी. मास्तरांसारखंच. मनाची तयारी केलीय. भीती वाटते, पण तयारी आहे.

२३ जानेवारी
वहिनीचा फोन. बाबांना सलाईन लावलंय. बाटली वीस मिनिटांत संपते. नर्स म्हणाली, गळती आहे का बघा.

आणि पुतणी सकाळी न्हाणीघरात सापडली. बादलीत तोंड घालून पीत होती. चार वर्षांची.

२३, दुपार
चौकोन नाही. तिने चौकोन घेतलेलाच नाही. मी ‘घर’ म्हटलं आणि तिने घर घेतलं. माझं. बाबा, दादा, वहिनी, पिल्लू. जिथे असतील तिथे. मास्तरांना पुढेमागे कुणी नव्हतं, म्हणून ते तिथेच थांबवू शकले. मी नाही.

२४ जानेवारी
ओसाड टेकडीत टाकली. काही नाही. संस्थेच्याच चौकोनात टाकली. काही नाही. माणसं राहत नाहीत, ते घर नव्हे. नववी खालीच. फरशीखाली घोट. आता मोठे.

माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना थांबून पाणी—

२५, सकाळ
दादा रडत होता. बाबांचा आवाज गेला. पुतणीलाही भरती केलंय. डॉक्टर म्हणाले संध्याकाळपर्यंत—

नकाशा समोर आहे. प्रत्येक घरात किती माणसं, ते मोजतेय. मी हे मोजतेय. साहेबांकडे सहा, दोन लहान. शेजारच्या बाईंकडे चार. शाळेमागच्या चाळीत—नको.

फीतकाकांकडे दोनच.

दोन. आणि वय झालेलं. नाही, असं लिहू नये. पण दोनच.

अकरा वाजून दहा
ओळ अडतीस टाकली. घराचा आकडा राहिलाय. हात थांबलाय. काकूंनी चहात साखर जास्त झाली का विचारलं होतं.

दादाचा फोन वाजतोय. उचलत नाही. आधी हे.

बावीस.

साडेअकरा
उचलला. बाबांनी डोळे उघडले. पुतणीने पेला बाजूला सारला, म्हणे, पुरे. दादा हसतोय, रडतोय. माझ्या तोंडात ओल आली. किती दिवसांनी—

फरशी गप्प असेल आता. आमची.

दुपारी एक
फीतकाका आले, नववीचा आकडा घेऊन. पाणी चढतंय म्हणाले, अभिनंदन ताई. मग टेबलावरचा माझा पाण्याचा जग उचलला. उभ्यानेच पीत आहेत. थांबत नाहीत. बायकोला तासाभरापासून कसंतरी होतंय, म्हणाले, ओठ पुसत. ओठ कोरडेच आहेत.

विचारतायत, विहीर आता कोणत्या घरात टाकलीत. पडद्याकडे वाकले. मी हाताने आकडा झाक—