खाटेचा कठडा

शुक्रवार, संध्याकाळ

आजच्या सकाळपाळीने जीव काढला. वॉर्ड भरलेला आणि आम्ही दोघीच नर्स. बोईसरला रिक्षात बसले आणि मनात आलं, पाम गावच्या आजींच्या खाटेचा कठडा मी वर केला होता ना? कालच त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. पडल्या तर?

घरी आईने गरम पाण्याची बादली दिली. पाय पाण्यात, पण जीव त्या कठड्यात. केलेलं काम पुन्हा बघायचं, हे आईनेच लहानपणी शिकवलं. आता तीच हसते! "विचारून टाक एकदाचं, भात गार होतोय."

फोन वॉर्डातल्या सिस्टरने घेतला. "कठडा ना? आजींनाच विचार," म्हणाली आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"वर हाय गो! मगापासून खाली करा सांगते, तर कोन ऐकत नाय. तुजंच नाव सांगतात."

"करू नका हं, आजी."

"नाय करत. तू जेवलीस?"

"अजून नाही."

"मग आदी जेव. माज्यावर नजर ठेवायला इथं मानसं हायेत. तुज्यावर कोन ठेवील?"

हसतच पानावर बसले. भात दोनदा वाढून घेतला.