घडीच्या बंदुकीचा शेवटचा बार

आबा, उद्या तुमची घडीची बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा करणार आहे. तुम्ही असता तर ताटावरून उठला असता. पण तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि रात्री रानात जागल करून करून मीही आता थकलो आहे.

लोकांना बंदूक म्हणजे रुबाब वाटतो. आपल्या घरात ती विळ्या-खुरप्यासारखी शेतीचीच वस्तू होती. दस्ता दुमडला की कापडी पिशवीत मावायची. निवडणूक लागली की तुम्ही ती पिशवी मांडीवर घेऊन पुसेगावहून एसटीनं जमा करायला निघायचात आणि शेजारचा हमखास विचारायचा, "काय बाजार केला?" दस्त्याचं लोखंड थंडीत गालाला झोंबायचं, म्हणून तुम्ही त्याला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलीत. ती अजून आहे. एकदा मी दुमडलेली बंदूक गमतीनं कुत्र्यावर रोखली. तुम्ही मारलं नाहीत, नुसती हातातून काढून घेतलीत. "घडी घातली म्हून बंदूक झोपत न्हाई, लेकरा."

तुमचा बार कायम आभाळात. रानडुकरं, रोह्यांचे कळप पळायचेच, पण खरं काम त्याच्या पुढं असायचं. बार झाला की एकेका शेतातून राखणदाराची हाळी यायची, आणि तुम्ही प्रत्येक हाळीला मान हलवायचात. एकदा ओढ्याकडची हाळी आली नाही, तर हातातली भाकर तशीच ठेवून निघालात. मी म्हणालो, डुकरं हरभऱ्यात घुसतील. "घुसू दे. आधी माणूस बघू." तो मचाणाखाली तापानं फणफणत पडलेला होता. तुम्ही त्याला पाठीवर घेऊन आलात. हरभरा त्या वर्षी अर्धाच हाती लागला.

आता कुणी कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडलाय, कुणी भोंगा लावलाय. त्यात रेकॉर्ड केलेलं कुत्रं भुंकत असतं. रानात माणूस नाही. पोरगं फोनवर म्हणतं, "बाबा, काहून तकलीफ घेऊन राहिले? देऊन टाका ती." बराबर बोलतं. मला डुकरांचा कंटाळा नाही आला आबा, एकट्यानं बार काढण्याचा आला.

आज दिवस बुडताना बांधावर उभं राहून शेवटचा बार काढला. थांबलो. भोंग्यातलं कुत्रं तेवढं भुंकत राहिलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, त्यामुळं सांगायला हरकत नाही. कुणाचीच हाळी आली नाही, तेव्हा मीच ओढ्याकडं तोंड करून तुमच्यासारखी हाळी दिली, आणि तिला मान हलवली.